प्लास्टरचा हिशेब

कलावंताने शिकवावे की शिकवू नये, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन विझतो. एक बाजू म्हणते, मास्तरकीने कलावंत संपतो; ज्याला स्वतःचे काम जमत नाही तोच शाळेत ‘ड्रॉइंग मास्तर’ होतो आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवत राहतो. दुसरी बाजू हात जोडून सांगते, विद्यार्थी हीच गुरूची खरी कलाकृती. अलीकडे अशाच एका चर्चेत दुसऱ्या बाजूच्या मदतीला ऑगस्टा सॅव्हेज या कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकार-शिक्षिकेचे एक वाक्य आणले गेले. पहिल्या बाजूने लगेच त्यांचेच आयुष्य पुढे करून ‘बघा, शिकवण्यापायी काय झाले’ असे सुनावले. आणि दोन्हीकडची मंडळी आपला मुद्दा सिद्ध झाला अशा समाधानात घरी गेली. माझे म्हणणे असे, की सॅव्हेज यांचे आयुष्य या दोन्ही बाजूंच्या विरोधात साक्ष देते. त्यांची बहुतेक शिल्पे आज शिल्लक नाहीत, त्याला शिकवणे जबाबदार नाही; आणि त्यांचे विद्यार्थी नावारूपाला आले म्हणून ते नुकसान भरूनही निघत नाही. शिल्प टिकायला पैसा, जागा आणि पाठीशी उभी राहणारी संस्था लागते. या तिन्ही गोष्टी कोणी नाकारल्या, हा प्रश्न दोन्ही बाजू विचारतच नाहीत.

आधी ते वाक्य पाहू. 1935 च्या एका मुलाखतीत सॅव्हेज म्हणाल्या, की मी खरोखर सुंदर, खरोखर टिकाऊ असे काहीच घडवलेले नाही. पण या पोरांमध्ये जे गुण मला दिसतात ते फुलवण्याची प्रेरणा त्यांच्यातल्या एकाला जरी देऊ शकले, तरी माझे स्मारक त्यांच्या कामात असेल. उत्तरार्ध फलकावर रंगवून भिंतीला लावण्याजोगा आहे, त्यामुळे उद्धृत करणारे तेवढाच उचलतात. पूर्वार्ध कोणी घेतलाच तर विनय म्हणून घेतात, नाहीतर अपयशाची कबुली म्हणून. पण ‘टिकाऊ’ हा शब्द शिल्पकाराच्या तोंडी आला की त्याचा अर्थ फार रोखठोक असतो. शिल्पकार घडवतो मातीत. ओली माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून प्रत काढायची, आणि पुढची सोय असेल तर त्या प्रतीवरून मेणाची प्रत करून तिच्या साच्यात ब्राँझ ओतायचे. पहिल्या दोन पायऱ्या आपल्या खोलीत, बादली आणि गोणपाट घेऊन उरकता येतात. तिसरीला ओतशाळा लागते, धातू लागतो आणि ओतशाळेचे बिल भरणारा कोणीतरी लागतो. सॅव्हेज यांची बहुतेक कामे दुसऱ्या पायरीवर थांबली. प्लास्टरवर रंग चढवून ब्राँझचा भास आणायचा, एवढेच त्यांच्या हाती उरले.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये त्यांचा ‘गॅमिन’ आहे. फ्रेंच भाषेत रस्त्यावर वाढलेल्या उडाणटप्पू पोराला हा शब्द आहे. 1929 च्या सुमारास केलेले हे मुलाचे अर्धशिल्प जेमतेम वीतभर उंचीचे. डोक्यावर तिरकी, सैल टोपी, अंगात चुरगळलेल्या कॉलरचा शर्ट, ओठ मिटलेले, मान किंचित वळलेली. चेहऱ्यावर हसू नाही आणि याचनाही नाही. समोरचा माणूस कितपत भरवशाचा आहे, याचा अंदाज घेत असल्यासारखी नजर. कृष्णवर्णीय मुलाला विदूषक किंवा दयेचा विषय म्हणूनच दाखवण्याची सवय लागलेल्या काळात ही नजर घडवणे म्हणजे काय, हे कलेच्या इतिहासकाराला वेगळे सांगावे लागू नये. आणि हा मुलगा रंगवलेल्या प्लास्टरचा आहे. हे लक्षात घेऊन ‘मी सुंदर, टिकाऊ काही घडवले नाही’ हे वाक्य पुन्हा वाचावे. त्यातला ‘सुंदर’ हा शब्द सॅव्हेज यांनी स्वतःवर अन्याय करून वापरला आहे, असे मी म्हणेन. ‘टिकाऊ’ हा मात्र त्यांनी बाजारभाव पक्का ठाऊक असलेल्या माणसासारखा वापरला आहे.

आता पहिल्या बाजूचा दावा. शिकवण्याने वेळ जातो, हे मी नाकारत नाही, आणि ज्यांनी वर्गावर कधी उभे राहून पाहिले नाही त्यांनीच ते नाकारावे. सॅव्हेज यांच्याच पिढीतल्या अल्मा थॉमस यांचे उदाहरण या बाजूने द्यायला हवे होते. कोणी दिले नाही, म्हणून मीच देतो. थॉमस यांनी वॉशिंग्टनच्या एका शाळेत 1924 ते 1960 अशी तब्बल पस्तीस वर्षे चित्रकला शिकवली, आणि आज ज्यांच्यासाठी त्या ओळखल्या जातात ती रंगांच्या तुकड्यांची लखलखीत अमूर्त चित्रे निवृत्तीनंतरची आहेत. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये 1972 मध्ये त्यांचे एकल प्रदर्शन झाले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. नोकरी सुटली आणि कला बहरली, असा यातून सरळ निष्कर्ष कोणी काढला तर त्यात तथ्याचा अंश आहे. पण त्या पस्तीस वर्षांनीच त्यांना निवृत्तीनंतर निर्धास्तपणे रंगवता येईल एवढी स्थिरता दिली, हाही त्याच आयुष्याचा भाग नाही का? पगार, डोक्यावर छप्पर आणि शेवटी पेन्शन असलेली मास्तरकी ही एक गोष्ट. यातले काहीही नसताना, तळघरात वर्ग भरवून केलेली मास्तरकी ही दुसरी. दोन्हींना ‘शिक्षण’ हे एकच नाव असले, तरी कलावंताच्या आयुष्यावर दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही.

सॅव्हेज यांच्या बाबतीत तर कालक्रमच या दाव्याच्या विरुद्ध जातो. त्या सर्वांत जास्त शिकवत होत्या ती 1932 ते 1939 ही वर्षे. 1932 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, पश्चिम 143व्या रस्त्यावरच्या एका तळघरात, ‘सॅव्हेज स्टुडिओ ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ सुरू केला. पुढे 1937 मध्ये फेडरल आर्ट प्रोजेक्ट या, मंदीत बेकार कलावंतांना पगारी काम देणाऱ्या सरकारी योजनेखाली हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उभे राहिले, तेव्हा त्याच्या संचालकपदी त्या आल्या. फुकट वर्ग, दीड हजारांहून अधिक विद्यार्थी, आणि वर सरकारी कारकुनी. याच वर्षांत त्यांनी आपली विद्यार्थिनी ग्वेंडोलिन नाइट हिचे नितळ, शांत व्यक्तिशिल्प केले. 1938 मध्ये ‘रिअलायझेशन’ हे मोठे शिल्प केले, जे आज फक्त छायाचित्रांतून दिसते. आणि आयुष्यातले सर्वांत भव्य काम, ‘द हार्प’, हेही याच काळातले. उलट 1940 च्या दशकात त्या हार्लेम सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज या खेड्यात राहायला गेल्या. तिथे कोंबड्या पाळल्या, भाजी पिकवली, एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली, उन्हाळी शिबिरांत मुलांना थोडेफार शिकवले. वर्ग नाहीत, संस्था नाही, समित्या नाहीत. शिकवणे हाच अडथळा असता, तर या पंधरा-सोळा वर्षांत शिल्पांचा पूर यायला हवा होता. तो आला नाही. 1962 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा कलाविश्व त्यांना जवळजवळ विसरले होते.

इथे पहिली बाजू थोडी मागे सरकून दुसरा मुद्दा मांडते, आणि तो अधिक वजनदार आहे. ती म्हणते, सॅव्हेज यांनी स्वतःच निवड केली. दुसऱ्यांसाठी झटण्याऐवजी त्यांनी आपल्या कामासाठी तेवढीच धडपड केली असती, तर चित्र वेगळे दिसले असते. निवड हा शब्द वापरायचा असेल, तर निवडीला होते काय ते पाहावे. फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी 1892 मध्ये त्यांचा जन्म झाला. गावची चिकणमाती विटांसाठी प्रसिद्ध; चौदा भावंडांतल्या सातव्या ऑगस्टा त्या मातीची बदके करत. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, त्यांच्या लेखी मूर्ती घडवणे हे पाप. वडील आठवड्यातून चार-पाच वेळा चोपत आणि माझ्यातली कला त्यांनी जवळजवळ झोडपून काढलीच होती, असे सॅव्हेज पुढे सांगत. कुटुंब वेस्ट पाम बीचला गेले तेव्हा तिथे तशी माती नव्हती. एका कुंभाराकडून त्यांनी ती मिळवली, तिची मेरीमातेची मूर्ती केली, आणि ती पाहून वडिलांचा विरोध मावळला. याच सुमारास शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांना इतर मुलांना मातीकाम शिकवायला सांगितले, दिवसाला एक डॉलर मेहनतान्यावर. त्या स्वतः अजून विद्यार्थिनीच होत्या. म्हणजे शिल्पकलेचे रीतसर शिक्षण सुरू होण्याच्या आधीच त्यांचे शिकवणे सुरू झाले होते. कलेत हरल्यावर शिकवण्याकडे वळल्या, हा सोयीचा क्रम त्यांना लागूच पडत नाही.

1921 मध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा खिशात 4 डॉलर 60 सेंट होते. कूपर युनियन या मोफत कलाशाळेत चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरा केला. 1923 मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो येथे अमेरिकन तरुणींसाठी भरणाऱ्या उन्हाळी कलावर्गासाठी त्यांनी अर्ज केला. वर्ण कळताच अर्ज फेटाळला गेला. निवड समितीचे स्पष्टीकरण असे, की दक्षिणेकडच्या गोऱ्या मुलींना तिच्याबरोबर प्रवास करणे आणि राहणे अवघड वाटेल. इथे एक तारीख आठवल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाता येत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेनंतर बरोबर पन्नास वर्षांनी त्याच देशातली सभ्य माणसांची एक समिती एका शिल्पकाराला सांगत होती, की तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपायला आमच्या मुलींना संकोच होईल. सॅव्हेज गप्प बसल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले. आमच्यातला एखादा गर्दीच्या वर डोके काढू लागला की त्याला पुन्हा खाली दाबायला लाखो पाय तयार असतात, असे त्यात लिहिले, आणि विचारले, की मला समान संधीच द्यायची नसेल तर मी इतर अमेरिकन कलावंतांशी स्पर्धा कशी करायची? कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी त्यांची बाजू घेतली, मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनीही निषेध केला. निर्णय बदलला नाही. समितीतल्या हर्मन मॅकनील या शिल्पकाराला तेवढा पस्तावा झाला आणि त्याने त्यांना आपल्या स्टुडिओत शिकायला बोलावले. दोन वर्षांनी रोमला शिकायला जाण्याची संधी आली, तर प्रवास आणि राहण्याच्या खर्चाअभावी तीही गेली. मॅनहॅटनमधल्या वाफेच्या लाँड्रीत कपडे धुण्याचे काम करून त्या घर चालवत होत्या. अखेर ‘गॅमिन’ने रोझेनवाल्ड फंडाची शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि 1929 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्या पॅरिसला पोचल्या. सहा वर्षे उशिरा.

अशा आयुष्यात शिकवणे म्हणजे काय होते, हे मला त्या 1923 च्या पत्रावरून कळते. समान संधी नाही तर स्पर्धा कशी करायची, या प्रश्नाला न्यूयॉर्कमधल्या एकाही संस्थेने उत्तर दिले नाही. म्हणून नऊ वर्षांनी त्यांनी स्वतःच एक संस्था काढली. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण सावित्रीबाईंचे आहे. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 सालचा, त्याआधीच्या वर्षांत पुण्यातल्या शाळा. शाळा नसत्या तर सावित्रीबाईंच्या हातून आणखी किती कविता झाल्या असत्या, असा हिशेब आपण मांडत नाही. शिकण्याचा हक्कच नाकारलेला असताना शिकवणे हे काय असते, ते आपल्याला आपल्या इतिहासात बरोबर समजते. हार्लेमचा विषय निघाला की तीच समज का हरवावी?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण इथवरचे वाचून ती खुश झाली असेल. सॅव्हेज यांच्याकडे शिकलेल्यांची नावे खरोखरच मोठी आहेत: जेकब लॉरेन्स, ग्वेंडोलिन नाइट, नॉर्मन लुइस, विल्यम आर्टिस, अर्नेस्ट क्रिचलो. मातीकाम शिकायला येणाऱ्यांत केनेथ क्लार्क नावाचा एक तरुण होता. तो पुढे मानसशास्त्रज्ञ झाला, आणि बाहुल्या वापरून पत्नी मेमीसह त्याने केलेल्या प्रयोगांचा दाखला शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात घेतला गेला. (याचे श्रेय मी मातीकामाच्या वर्गाला देत नाही, गुरुपौर्णिमेच्या भाषणांत असे श्रेय सर्रास वाटले जाते म्हणून एवढे सांगितले.) पण या नावांच्या यादीने ‘विद्यार्थी हीच गुरूची कलाकृती’ हे सिद्ध होते का? लॉरेन्स यांची चित्रे पाहावीत: सपाट रंग, कोनदार आकार, टेंपरा या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या थेट पट्ट्या, खोलीचा भास जवळजवळ नाहीच. लुइस तर पुढे अमूर्त चित्रकलेकडे गेले. मातीत गोलाई शोधणाऱ्या, पॅरिसच्या अकादमीत घडलेल्या सॅव्हेज यांच्या शैलीचा या दोघांत मागमूस नाही. विद्यार्थी ही गुरूने घडवलेली मूर्ती असती, तर तिच्यावर गुरूच्या बोटांचे ठसे दिसले असते. मला तर त्यांच्या शिकवण्याचा मोठेपणा नेमका यात दिसतो, की ते दिसत नाहीत.

त्यांनी दिले ते वेगळेच काही. लॉरेन्स विशीतले असताना सॅव्हेज त्यांना फेडरल आर्ट प्रोजेक्टच्या कचेरीत घेऊन गेल्या. वय एकवीस पुरे नाही म्हणून कचेरीने त्यांना परत पाठवले. लॉरेन्स ते विसरूनही गेले. सॅव्हेज विसरल्या नाहीत; एकवीस पुरे होताच त्या त्यांना पुन्हा हाताला धरून घेऊन गेल्या, आणि 1938 मध्ये आठवड्याला 23 डॉलर 86 सेंट पगारावर लॉरेन्स चित्रकार म्हणून लागले. त्यांनी हट्ट धरला नसता तर मी कलावंत झालोच नसतो, कुठेतरी हलकीसलकी नोकरी करत राहिलो असतो, असे लॉरेन्स यांनी नंतर सांगितले. या गोष्टीत रेषा कशी काढावी याचा धडा कुठे आहे? एका पोराचा वाढदिवस ध्यानात ठेवणे आणि सरकारी खिडकीपाशी दोनदा उभे राहणे, एवढेच आहे. ज्या दारावर आपण स्वतः परत पाठवले गेलो त्या दाराचे नियम पाठ करून दुसऱ्याला आत ढकलणे, हे त्या शिक्षणाचे स्वरूप होते. हे शिल्पकलेहून वरचे किंवा खालचे नाही. ते निराळे आहे, आणि म्हणूनच एकाच्या नुकसानीची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

नुकसान कशाचे झाले ते ‘द हार्प’पाशी कळते. 1939 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी सॅव्हेज यांना शिल्पाचे काम मिळाले. जेम्स वेल्डन जॉन्सन आणि त्यांचे संगीतकार बंधू रोझमंड यांचे ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे गीत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या घराघरांत राष्ट्रगीतासारखे म्हटले जात असे. त्यावरून त्यांनी सोळा फूट उंचीची वीणा घडवली. वीणेच्या तारा म्हणजे गाणारी बारा कृष्णवर्णीय माणसे, उंचीने क्रमाने उतरत जाणारी, पायघोळ झग्यांच्या उभ्या चुण्या तारांसारख्या ताणलेल्या. खालचा आडवा भाग म्हणजे देवाचा हात, त्याच्या तळव्यावर ही सगळी रांग तोललेली. पुढे गुडघा टेकलेला एक तरुण, पसरलेल्या हातांत संगीताचे स्वर घेऊन. सॅव्हेज यांनी शिल्पाला गीताचेच नाव दिले होते. आयोजकांनी ते बदलून नुसते ‘द हार्प’ केले. शिल्प प्लास्टरचे होते, वरून काळ्या बेसॉल्ट दगडासारखे दिसेल असे रंगवलेले. चार कोटींहून अधिक लोक त्या प्रदर्शनाला येऊन गेले. शिल्पाची पोस्टकार्डे निघाली, धातूच्या चिमुकल्या प्रतिकृती विकल्या गेल्या. 1940 मध्ये प्रदर्शन संपले तेव्हा शिल्प ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, हलवायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. बुलडोझरने ते पाडले. शिवाय या कामासाठी रजा घेऊन त्या परतल्या तेव्हा आर्ट सेंटरचे संचालकपद दुसऱ्याकडे गेले होते.

यावरचा सर्वांत समर्थ आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागतिक प्रदर्शने मुळातच तात्पुरती असतात. तिथली बहुतेक शिल्पे प्लास्टरचीच होती आणि प्रदर्शन संपल्यावर ती पाडली गेली. त्याच प्रदर्शनात जेम्स अर्ल फ्रेझर या गोऱ्या, नामांकित शिल्पकाराचा जॉर्ज वॉशिंग्टनचा अवाढव्य प्लास्टर पुतळा होता. तोही राहिला नाही. मग एकट्या ‘द हार्प’साठी अश्रू का? हे सगळे खरे आहे. पण याच फ्रेझरची आणखी एक गोष्ट आहे. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांचे ‘द एंड ऑफ द ट्रेल’ हे थकल्या घोड्यावर मान टाकून बसलेल्या आदिवासी योद्ध्याचे मोठे शिल्प होते. तेही प्लास्टरचेच. प्रदर्शन संपल्यावर तेही टाकून दिले गेले होते, चिखलात पडले होते. पण काही वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलियाच्या लोकांनी ते उचलून आपल्या बागेत नेऊन उभे केले. अर्धशतक उघड्यावर काढल्यावर ते ओक्लाहोमाच्या संग्रहालयाने घेतले, दुरुस्त केले, आणि त्या बदल्यात बागेला ब्राँझची प्रत मिळाली. म्हणजे प्लास्टर वाचवता येते, चिखलातूनही. त्यासाठी ते आपल्याला हवे आहे असे वाटणारी एखादी नगरपालिका, एखादी बाग, एखादे संग्रहालय असावे लागते. पराभूत, मान खाली घातलेल्या आदिवासीसाठी ते सगळे मिळाले. तोंड उघडून गाणाऱ्या बारा कृष्णवर्णीय माणसांसाठी मिळाले नाही. आणि फ्रेझर यांचा वॉशिंग्टन पाडला गेला तरी त्यांची इतर कामे देशभर ब्राँझमध्ये आणि दगडात उभी होती. 1913 ते 1938 या काळात निघालेल्या अमेरिकेच्या पाच सेंटांच्या नाण्यावरचे बायसनचे, म्हणजे तिकडच्या रानगव्याचे, चित्रदेखील त्यांचेच. एक पुतळा गेल्याने त्यांचे काहीच बिघडत नव्हते. सॅव्हेज यांच्याकडे दुसरे ‘द हार्प’ नव्हते.

गुणवत्तेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. सॅव्हेज यांची शैली रूढ वळणाची होती, आधुनिक शिल्पकला तोवर फार पुढे गेली होती, म्हणून इतिहासाने त्यांना बाजूला ठेवले, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण न्याय करायला आधी काम समोर हवे. 1939 मध्ये कृष्णवर्णीय कलावंतांसाठी हार्लेममध्ये त्यांनी स्वतःची कलादालन-वजा संस्था काढली, तेव्हा उद्घाटनाला त्यांनी एवढेच मागितले होते: वर्णामुळे आम्हाला कसलीही खास सवलत नको, कामे पाहा आणि गुणांवर निकाल द्या. लोक आले, पाहून गेले, विकत मात्र फारसे कोणी घेतले नाही, आणि काही महिन्यांत ते दालन बंद पडले. फ्लोरिडातल्याच जॅक्सनविल शहरी, कमर संग्रहालयात, त्यांचा ‘द डायव्हिंग बॉय’ आज पाहायला मिळतो, कारण तो ब्राँझचा आहे आणि एका श्रीमंत बाईंनी तो आपल्या बागेसाठी घेतला होता. याच संग्रहालयाने 2018 मध्ये सॅव्हेज यांच्यावर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यात त्यांच्या शिल्पांबरोबर विद्यार्थ्यांची कामेही मांडावी लागली. जे हरवले आहे त्याच्यावर सौंदर्यशास्त्राचा निकाल कसा द्यायचा, हे मला कोणी समजावून सांगितले तर मी शिकायला तयार आहे.

म्हणून ‘माझे स्मारक त्यांच्या कामात असेल’ या वाक्याकडे मी सुविचार म्हणून पाहू शकत नाही. दगड, ब्राँझ, ओतशाळा, बाग, यांपैकी काहीही मिळणार नाही हे कळून चुकलेल्या माणसाने उरलेल्या एकमेव साहित्यात काम करायचे ठरवले, असे मला त्यात वाचता येते. कृष्णवर्णीय चित्रकार चार्ल्स व्हाइट यांना 1965 पासून लॉस एंजेलिसच्या ओटिस कलाशाळेत शिकवण्याची नोकरी होती. त्यांनी शिकवले आणि अखेरपर्यंत चित्रेही काढली, आणि डेव्हिड हॅमन्स व केरी जेम्स मार्शल हे नामवंत कलावंत त्यांच्याच वर्गातून पुढे आले. दुसरे चित्रकार हेल वुडरफ यांना अटलांटात 1931 पासून विद्यापीठाचा आधार होता. त्यांच्यापैकी कोणालाही ‘कला की शिकवणे’ असा कौल लावावा लागला नाही. हा कौल नेमका कोणाला लावावा लागतो, कोणत्या पगारावर, कोणत्या तळघरात, हे विचारले तर आपल्या इकडच्या वादातही थोडा अर्थ येईल. कंत्राटावर तासिका घेणाऱ्या चित्रकला शिक्षकाला ‘विद्यार्थी हीच तुमची कलाकृती’ असे व्यासपीठावरून ऐकवणाऱ्या कोणत्याही पाहुण्याने त्याला महिन्याला किती मानधन मिळते हे विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

लॉरेन्स यांनी 1941 मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर साठ छोट्या चित्रांची मालिका पुरी केली. हार्डबोर्डच्या फळ्यांवर पांढरा लेप चढवायला आणि चित्रांखालच्या ओळी लिहायला ग्वेंडोलिन नाइट यांनी हात लावला. त्याच वर्षी दोघांनी लग्न केले. पुढच्या वर्षी ती मालिका घ्यायला दोन संग्रहालये पुढे आली, आणि कोणीच माघार घेईना म्हणून साठ चित्रे वाटून घेतली गेली. विषम आकड्यांची तीस वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे गेली, सम आकड्यांची तीस न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे. बुलडोझर फिरला त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्याच न्यूयॉर्कमध्ये सोळा फुटांच्या वीणेला कुठे कोपरा मिळाला नव्हता.